बेने इस्रायल आडनावे (पेण–रोहा परिसर)

कोकणातील मराठीभाषक यहुदी समाजाची, गावाच्या नावाला ‘कर’ जोडून झालेली आडनावे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाक्रुळकर, घोसाळकर ही पेण आणि रोहा तालुक्यांतील गावांवरून पडलेली; किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, झिराडकर, शापूरकर ही अलिबागकडची. कुलाबा (1981 पासून रायगड) जिल्ह्याचा नकाशा उघडून बसले, तर समाजाची हजेरीच हाती लागते. रोहा आणि अष्टमी यांच्यामध्ये फक्त कुंडलिका नदी आहे. तरी एका तीरावरच्या घराचे आडनाव रोहेकर आणि दुसऱ्या तीरावरचे अष्टमकर. इतका बारीक पत्ता सांगणारी आडनावे शोधकाला फार सोपी वाटतात. तशी ती नाहीत.

गावात राहणाऱ्याला गावाचे आडनाव निरुपयोगी असते. पेणेत सगळेच पेणचे. माणूस मुंबईला गेला, पलटणीत भरती झाला किंवा सरकारी कचेरीत लागला, की ‘कुठला?’ या प्रश्नाला ‘पेणकर’ हे उत्तर होते. म्हणून या आडनावांचा कागदोपत्री माग बहुतेक वेळा गावात नव्हे, तर गाव सोडल्यावर सुरू होतो. स्थलांतरित स्कॉटिश घराण्यांची गोष्ट याच्या उलट आहे. 1650 च्या डनबार लढाईत क्रॉमवेलच्या हाती पडलेले स्कॉट कैदी जहाजांतून मॅसॅच्युसेट्सला धाडले गेले आणि त्यांतले काही सॉगसच्या लोखंडाच्या कारखान्यात राबले. त्यांची ‘मॅक’वाली आडनावे आधीपासून होती, तिथल्या इंग्रज लेखनिकांनी ती कानाला आली तशी लिहिली. तिकडे शोधकाला बिघडलेल्या स्पेलिंगमागचे जुने आडनाव ओळखायचे असते. कोकणातल्या शोधकाला आडनावच नसलेल्या नोंदीतला माणूस ओळखावा लागतो.

जुन्या नोंदींत माणूस स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढ्यावर उभा असतो, आणि हीच नावे खरी अडचण करतात. इथल्या यहुद्यांनी बायबलमधली नावे मराठी वळणाची करून घेतली होती : शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी. ‘जी’ लागल्यावर ही नावे शेजारच्या गोंदजी-रामजीच्या रांगेत बेमालूम बसतात. पुढे मिशनच्या शाळा आणि इंग्रजी आली, तशी तीच नावे सॅम्युएल, इझिकिएल, आयझॅक, मोझेस झाली. मुंबईतले पहिले सिनेगॉग 1796 मध्ये बांधणारे, कंपनीच्या फौजेतले अधिकारी समाजी हसाजी दिवेकर इंग्रजी लेखनात सॅम्युएल इझिकिएल दिवेकर असतात, आणि प्रार्थनामंदिराच्या हिब्रू रीतीने शमुएल बेन यहेज्केल. तीन लिप्यांतली ही तीन नावे एकाच माणसाची आहेत हे पटवून देणे, हे या शोधातले निम्मे काम. म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडून ते सुटले, अशी समाजाची परंपरा आहे. त्यांचे प्रार्थनामंदिर मांडवी भागात आजही ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाते. दिवे हे गावनाव कोकणात आहे आणि सासवडच्या वाटेवर घाटमाथ्यावरही आहे, तेव्हा नुसत्या ‘दिवेकर’वरून गाव ठरवायची घाई करू नये.

आडनावावरून धर्म ठरवणे तर त्याहून धोक्याचे. दिवेकर, दांडेकर, घोसाळकर ही हिंदू घराण्यांचीही आडनावे आहेत. गाव एक, म्हणून आडनाव एक, नात्याचा पत्ता नाही. हमरापूरशेजारचे जोहे गाव आज गणपतीच्या मूर्तींसाठी महाराष्ट्रभर माहीत आहे. तिथून बाहेर पडलेला कोणीही ‘जोहेकर’ म्हणवून घेऊ शकेल. मूर्तिकार असो, शेतकरी असो वा तेली. म्हणून कागदात ‘कर’ दिसल्याबरोबर वंशवृक्ष काढायला बसणाऱ्यांनी आधी माणसाचे आणि बापाचे नाव तपासावे, मग धंदा. तेल गाळण्याचा धंदा करणाऱ्या आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत. वाड्यावस्त्यांवर विखुरलेल्या या कुटुंबांची ओळख आडनावापेक्षा या सुट्टीने अधिक पक्की होती.

मौखिक परंपरा आडनावांना आणखी एक थर देते. कोकणच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना अलिबागजवळच्या नवगावला पुरले, असे समाज मानतो. पुढे दावीद रहाबी नावाच्या गुरूने विस्मृतीत गेलेला धर्माचार पुन्हा शिकवला आणि झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या तीन घराण्यांतल्या शिष्यांना काजी नेमले. रहाबीचा काळ कोणता यावर अभ्यासकांत मोठे मतभेद आहेत. तीन आडनावे मात्र परंपरेने घट्ट धरून ठेवली, कारण काजीपणाचा मान वंशाने चालत असे. मान किंवा वतन जोडलेले असले की आडनाव गाव न सोडताही टिकते, हा वर सांगितलेल्या नियमाला अपवाद.

लेखी साधनांत स्कॉटलंडचाही हात आहे. लॉडर गावचे जॉन विल्सन (1804–1875) 1829 मध्ये मिशनरी म्हणून मुंबईत आले, मराठी शिकले, त्यांच्या शाळेत बेने इस्रायल मुले आली आणि त्यांनी या समाजावर लिहिलेही. पण समाजाची माहिती आतून गोळा केली ती हाईम सॅम्युएल किहीमकर (1830–1908) यांनी. 1875 मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू होण्यात त्यांचा पुढाकार होता. 1897 च्या सुमारास लिहून झालेला त्यांचा समाजेतिहास छापला गेला तो 1937 मध्ये, तेल अवीवला. आडनावे, घराणी आणि फौजेतले सुभेदार-जमादार यांसाठी आजही प्रथम किहीमकरांकडेच जावे लागते. परंपरा आणि पुरावा यांची सरमिसळ त्यांच्याकडे आहे, ती वाचणाऱ्याने वेगळी करावी. कुलाबा संस्थान 1840 मध्ये खालसा होईपर्यंत अलिबागकडचा मुलूख आंग्र्यांचा असल्याने तिथला त्याआधीचा कागद मोडीत आहे. मोडी न शिकता या वाटेला जाण्यात अर्थ नाही. प्रार्थनामंदिरांतली विवाहपत्रे आणि दफनभूमीतले हिब्रू-मराठी शिलालेख यांत तारीख, बापाचे नाव आणि कधी गावही एकत्र सापडते. इतकी माहिती एका जागी देणारे दुसरे साधन नाही.

विसाव्या शतकात आडनाव झाकण्याची उलटी चाल दिसते. इंग्रजी पद्धतीने बापाचे नाव शेवटी लिहिले गेले आणि गाव गळून पडले. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ लिहिणारे जोसेफ डेव्हिड हे पेणकर. श्रेयनामावलीत पेण नाही. ‘बूट पॉलिश’मधले डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पडद्यावर त्यांचे बापाचे नावही उरले नाही. कवी निस्सीम इझिकिएल यांच्या रूढ नावातही गाव नाही. याउलट डॉ. जेरुशा झिराड (1890–1983) यांनी ‘कर’ टाकून गाव तेवढे ठेवले. त्यांचा जन्म मात्र शिमोग्याचा. आडनावातले गाव आणि जन्मगाव एक नसते, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल. ज्या पिढीने गाव सोडले तिथपर्यंत आडनाव पोहोचवते. त्याअलीकडे आणि पलीकडे त्याचा उपयोग संपतो.

1948 नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. तिथे कागद हिब्रूत झाले. हिब्रूत स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि न-ण यांना एकच अक्षर आहे. त्यामुळे ‘पेणकर’चे रूप कोणत्या स्वरांनी वाचायचे ते वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते. इंग्रजीत Penkar च्या जागी er ने संपणारे रूपही चालते, तसेच किहीमकरांच्या नावात ‘कि’चा ‘के’ झालेला असतो. सूचीत शोधताना ही सगळी रूपे चाळावीत, आणि जिथे शक्य असेल तिथे आडनाव बाजूला ठेवून बाप-लेकाच्या नावांची जोडी धरून शोधावे.