रुमालाचा पत्ता

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर नावाचे जुने गाव आहे. तेथील बारवेच्या दगडी पायऱ्या चक्राकार उतरत पाण्यापर्यंत जातात. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी गाळ उपसून ती मोकळी केली. या रचनेच्या मुळाशी एक साधा विचार आहे. पाणी जागीच ठेवावे आणि माणसाला तिथवर नेणारी वाट बांधून द्यावी. कागदपत्रांच्या कारभारातही हाच विचार आढळतो. आज कचेरीतला एक सहकारी दुसऱ्याला ईमेलने फाइलचा नुसता दुवा धाडतो, तेव्हा तोही हीच वाट दाखवीत असतो.

पेशवे दफ्तराचेच पाहा. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि हे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुण्यात ते आजही आहे. मोडी कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले. त्यांनाच रुमाल म्हणतात. असे सुमारे पस्तीस हजार रुमाल तिथे आहेत. एवढा पसारा कोण कोणाला पाठवणार? म्हणून अभ्यासकाने अभ्यासकाला रुमालाचा क्रमांक कळवायचा. कागद जागचा हलत नाही. पत्रातून फिरतो तो त्याचा पत्ता.

परंतु पत्ता कळला म्हणजे दार उघडले असे नव्हे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावची घराणी धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली. पण त्यांच्या पिढीला या सरकारी दफ्तरात मोकळा प्रवेश नव्हता. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या हाती हे काम आले आणि 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध झाले. कागद तेच, जागा तीच. बदलली होती ती परवानगी. आजच्या फाइलचेही असेच आहे. दुवा पाठवण्यापूर्वी समोरच्याला ती फाइल उघडण्याचा अधिकार दिला आहे की नाही, हे पाहावे लागते.

आता ईमेलकडे वळू. 1971 साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडले. 1992 मध्ये पत्रासोबत निरनिराळ्या प्रकारच्या फाइली जोडण्याची सर्वमान्य रीत ठरली. सोय झाली खरी. पण अशी जोडलेली फाइल प्रवासापुरती मूळ वजनापेक्षा साधारण एकतृतीयांशाने फुगते, आणि दहा जणांना पाठवली की तिच्या दहा नकला होतात. प्रत्येकाने आपल्या नकलेत दुरुस्ती केली, की खरी प्रत कोणती यावर वाद! सामाईक सर्व्हरवर एकच फाइल ठेवून तिचा दुवा दिला, म्हणजे हा घोळ टळतो.

मात्र पत्ता नीट लिहिला पाहिजे. “आमच्या कपाटाच्या तिसऱ्या खणात” असे परगावच्या माणसाला सांगून काय उपयोग? आपल्या संगणकावर सामाईक जागेला ‘एस’ अक्षर दिलेले असेल, तर सहकाऱ्याकडे ते दुसरेच असू शकते. म्हणून पत्ता सर्व्हरच्या नावापासून, म्हणजे गावच्या वेशीपासून, सांगावा. फाइलच्या नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सुटली, तर पुष्कळदा दुवा तिथेच तुटतो. सबंध पत्ता कोनी कंसात घालणे, किंवा मुळात नावेच जोडून लिहिणे, हा त्यावरचा उपाय.

एवढे झाले तरी एक धोका उरतोच. फाइल दुसरीकडे हलवली, की जुन्या पत्रांतले सारे दुवे ओस जागेकडे बोट दाखवतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मूळ कागद वाळवीने किंवा आगीने नेला, तर त्याचा क्रमांक पाठ असून भागत नाही. तिथे कोणी तरी काढून ठेवलेली नकलच कामी येते. म्हणून रोजच्या कामाला पत्ता आणि जतनाला नकल, अशी दोन्हींची सांगड घालावी. कागद सांभाळणाऱ्या माणसाने जागरूक राहावे, हे तर दोन्हीकडे सारखेच. रुमालाची गाठ सैल पडू न देणारा दफ्तरदार आणि फाइल न कळवता न हलवणारा आजचा कर्मचारी यांचा धर्म एकच आहे.