दुरून विचारलेला प्रश्न

येथून काश्मीर किती लांब आहे? प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण सव्वाशे वर्षांपूर्वी तो आपल्या वऱ्हाडातही येऊन गेला. विचारणाऱ्याला काश्मीरचे अंतर नकोच होते. आपली माणसं हे वाक्य कसं बोलतात, एवढेच त्याला पाहायचे होते.

हे गृहस्थ म्हणजे जॉर्ज ग्रियर्सन. हिंदुस्थानातील भाषांची पाहणी व्हावी, ही मागणी १८८६ साली व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेत झाली आणि १८९८ मध्ये त्या कामाची सूत्रे ग्रियर्सनकडे आली. इतक्या मोठ्या मुलखात गावोगाव हिंडणार कोण? म्हणून जिल्ह्याजिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे कागद गेले. बायबलातील उधळ्या मुलाची गोष्ट स्थानिक बोलीत उतरवा, इकडची एखादी गोष्ट वा जबानी जोडा, आणि २४१ शब्दांची व वाक्यांची यादी भरून पाठवा. काश्मीरचा प्रश्न त्याच यादीतला. पांढऱ्या घोड्याचे खोगीरही त्यातलेच. १९०३ नंतर ग्रियर्सन विलायतेत राहूनच हे काम पाहत. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्याचा मसुदा नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनी केला. त्यात वऱ्हाडीला जागा मिळाली.

आता गोम पाहा. कागद भरणार तो लिहितावाचता माणूस. शेतकरी म्हणतो ‘डोया’, आणि लिहिणाऱ्याच्या हाताला वळण ‘डोळा’चे. शिवाय परक्या गोष्टीचा तर्जुमा करताना माणूस जपून बोलतो. ‘काऊन बाप्पा, कुठं जाऊन राह्यला?’ हे वावराच्या धुऱ्यावर सहज निघते, कचेरीत निघेलच असे नाही. तरी ग्रियर्सनला नावे ठेवणे मला पटत नाही. ते कागद नसते, तर त्या काळची वऱ्हाडी आपण कुठे शोधली असती?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा समाजाचा अभ्यास करणाऱ्यांपुढे हीच अडचण पुन्हा उभी राहिली. गावात जाता येईना. मग व्हॉट्सॲपसारख्या साधनांवर प्रश्न जाऊ लागले. उत्तर आवाजात द्या, जमल्यास फोटो धाडा. कशासाठी खास ॲपही आहेत: ती रोज एक प्रश्न विचारतात, माणूस सवडीने बोलतो. यात मधला कारकून गेला. ‘डोया’ हा ‘डोया’ म्हणूनच पोचतो, अन् त्याच्यामागे बैलाची घंटाही ऐकू येते.

पण मधे कुणीच उरले नाही, असे समजू नका. अनेक घरांत स्मार्टफोन एकच, तोही पोराच्या खिशात. निंदणाच्या मजुरीबद्दल, कर्जाबद्दल बाईला विचारले आणि शेजारी सासरा बसलेला असेल, तर ती म्हणणार, “बरं हाय, मले काही तरास नाही.” अकोल्यात वा पुण्यात बसलेल्या अभ्यासकाच्या कानी तेवढेच पडते, तिने पदर कसा ओढला, हे त्याला दिसत नाही. शिवाय आवाजाचे अक्षर करणारे यंत्र प्रमाण मराठीवर पोसलेले असेल, तर ते पुन्हा ‘डोळा’ लिहून मोकळे. कारकून मागच्या दाराने आत आला की नाही?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींची अलीकडे पाहणी केली, तेव्हा माणसे प्रत्यक्ष गावी गेली. शब्द सांगून त्याचे रूप विचारण्यापेक्षा त्यांनी चित्रे आणि छोट्या चित्रफिती दाखवल्या: हे काय, इथं काय चाललंय? फोनवरही हे करता येते. शिक्षकांनी मुलांकडून आजीच्या गोष्टी टिपवून घेतल्या, तर मूळ आवाज पुसू नये, तो कुठे जाणार हे आजीला आधी सांगावे, आणि त्या वेळी शेजारी कोण कोण बसले होते, तेही वहीत लिहून ठेवावे.