फितीचं माप, काट्याचं माप

बाईचं माप दोन तऱ्हेनं घेतात. लंडनला फीत लावतात, आमच्या वऱ्हाडात काटा. अकोला-अमरावतीच्या काळ्या रानात कापूस वेचणारी बाई दिवस बुडता बुडता धुऱ्यावर काट्यापुढं उभी राहते. जितके किलो वेचले तितकी मजुरी. ती थकली का, हे काटा पुसत नाही. ही दोन्ही मापं मी एकाच कागदावर मांडतो आहे, कारण दोन्हींच्या मुळाशी कापडच आहे.

१८५३ मध्ये कंपनी सरकारनं निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतला तो कापसावर डोळा ठेवून. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची भूक वऱ्हाडावर आली. रेल्वे आली, जिन आले, शेठ गब्बर झाले. वेचणारे हात तेच राहिले.

आता फितीकडं या. १९५१ साली लंडनला ब्रिटन महोत्सव भरला. त्याला गर्दी व्हावी म्हणून एरिक मोर्ले नावाच्या माणसानं बिकिनी घातलेल्या पोरींची स्पर्धा लावली. तीच पुढं मिस वर्ल्ड झाली. तिकडं अमेरिकेत ‘मिस अमेरिका’ झालेल्या योलांद बेटबेझनं पोहण्याच्या पोशाखात मिरवायला नकार दिला. पोशाख विकणारी कॅटालिना कंपनी रुसली आणि तिनं १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला आपली वेगळी मिस युनिव्हर्स काढली. म्हणजे विश्वसुंदरी जन्मली ती दुकानात. एका बाईनं नाही म्हटलं, म्हणून दुकानदारानं दुसऱ्या बाया उभ्या केल्या. नाही म्हणणारीचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

१९६६ मध्ये रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली. आशियातली पहिलीच. आईबाप गोव्याचे, पोरगी मुंबईची, ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकणारी. साडी उसनी, पोहण्याचा पोशाखही उसना. जिंकल्यावर तिला व्हिएतनामला नेलं, अमेरिकी शिपायांचं मन रमवायला. एक वर्ष झालं आणि तिनं तो बाजार सोडला. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात जाऊन पुढं शिकली, डॉक्टर झाली. मुकुटापेक्षा स्टेथोस्कोप तिला जड वाटला नाही.

मग १९९२. आपल्या विदर्भातली, नागपुरात जन्मलेली मधू सप्रे बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत पोचली. ती मूळची खेळाडू, मैदानावर घाम गाळलेली. तिला विचारलं, देशाची सत्ता हाती आली तर काय करशील? तिनं सांगितलं, खेळाचं मोठं मैदान बांधीन. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनला गेला, मधू तिसरी आली. त्या उत्तरानंच ती हरली, असं आजही सांगतात. गरिबी हटवीन, भुकेल्यांना जेवू घालीन, असं गोड बोलायचं होतं म्हणे.

मला ते उत्तर हलकं वाटत नाही. गरिबांची नावं घेऊन मुकुट मिळवणं सोपं. मैदान मागणारी बाई मात्र अंगाला शोभेची वस्तू मानत नाही, कामाचं हत्यार मानते. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. तिथली पोरं १९३६ ला बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आली. मग आमच्या वस्तीतल्या पोट्टीला धावायला मैदान काहून नाही? ती धावते ते पाण्याच्या टँकरमागं.

आणि अंगाचा, कपड्याचा प्रश्न आम्हाला लंडननं शिकवला नाही. १३ नोव्हेंबर १९२७ ला बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष होते. विषय अंबादेवीच्या मंदिराचा. पुढल्याच महिन्यात महाडला त्यांनी बायांना वेगळं बसवून सांगितलं की तुमचं लुगडं नेसणं, गळ्यातल्या गळसऱ्यांचा भार, ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका. बायांनी ती टाकली. लुगडं घोट्यापर्यंत आलं. कोणी परीक्षक नव्हता, टाळ्या नव्हत्या. गावोगावच्या पाटलांच्या डोळ्यात मात्र ते खुपलं. त्या बाया मला जगातल्या कोणत्याही रॅम्पवरच्या बाईपेक्षा ताठ चालताना दिसतात.

२० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. हजारोंनी बाया आल्या. अध्यक्ष होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. ठराव काय झाले? नवऱ्यापासून काडीमोड घ्यायचा हक्क हवा. एकाला अनेक बायका ही रीत बंद करा. गिरणीतल्या, बिडी कारखान्यातल्या बायांना रजा द्या. सुलोचनाबाई संततिनियमनावर बोलल्या, १९४२ मध्ये, भर सभेत! तिथंच बाबासाहेब म्हणाले की बायांनी किती प्रगती केली त्यावर मी समाजाची प्रगती मोजतो. हे तिसरं माप. याला फीतही लागत नाही अन् काटाही लागत नाही.

१९९४ मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय एकाच साली जिंकल्या. बाजार नुकताच खुला झाला होता. तालुक्याच्या गावातही ब्युटी पार्लरच्या पाट्या लागल्या. गोरं करणारी क्रीम तर १९७५ पासून होतीच. तिनं २०२० मध्ये नाव तेवढं बदललं. काळी माती पिकवते म्हणून तिची पूजा, आणि काळ्या पोरीला मात्र स्थळ मिळत नाही.

१९९६ ला बंगलोरला मिस वर्ल्ड भरली तेव्हा रस्त्यावर दोन तऱ्हेची माणसं उतरली. स्त्री संघटना म्हणत होत्या, बाईचा बाजार मांडू नका. दुसरे ओरडत होते, संस्कृती बुडाली! कोणती संस्कृती, बाप हो? याच देशात त्रावणकोरच्या नाडार बायांना छाती झाकायचा हक्क मागावा लागला, मार खावा लागला. १८५९ मध्ये राजाला फर्मान काढावं लागलं, तेव्हा कुठं पदर मिळाला. तेव्हा अंग झाकू न देणं ही संस्कृती होती. आता अंग दाखवू न देणं ही संस्कृती. बाईचं अंग तिचं आहे, एवढं मात्र कोणत्याच संस्कृतीत बसत नाही.

मे २०२५ मध्ये ही स्पर्धा तेलंगणात आली. रामप्पा मंदिरात देशोदेशीच्या सुंदऱ्यांना नेलं आणि तिथं बायांनी वाकून त्यांच्या पायावर पाणी घातलं, टॉवेलनं पाय पुसले. बोंब झाली तेव्हा उत्तर आलं, ही आमची पाहुणचाराची परंपरा आहे. पाय पुढं करणाऱ्या पोरींशी माझं भांडण नाही. त्याही कोणाच्या तरी दुकानात उभ्या आहेत. माझं भांडण परंपरेशी आहे. परंपरेला वाकायला नेहमी तीच बाई कशी सापडते?

म्हणून आपल्या पोट्टींना मुकुटाचा राग करायला शिकवू नका. जिला जायचं ती जाईल, जिंकेल, आनंद आहे. पण तिला विचारू द्या, फीत कोणाच्या हातात आहे? काटा कोणाच्या मालकीचा आहे? अमरावतीच्या सुलोचनाबाईंचं नाव तिला ठाऊक असू द्या. आणि वस्तीशेजारी एक मैदान मागा. मोठं मागा.