‘रझाकार’ चित्रपट : प्रचार की सत्य? एक प्रश्न मोडून बघूया

मित्रांनो, पेट किंवा सेट-नेटची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न मला नेहमी येतो. “विषय तर मिळाला, पण संशोधनाचा प्रश्न कसा तयार करायचा?” याचं उत्तर व्याख्या सांगून देता येत नाही. म्हणून आज एक चालू वाद घेऊ, आणि तोही आपल्या मातीतला. मी मायक्रोबायोलॉजीवाला, इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण पुरावा कसा तपासायचा हे दोन्हीकडे बरंचसं सारखंच असतं, आणि विष्णुपुरीत राहून हा विषय टाळता येत नाही. आपलं विद्यापीठ ज्यांच्या नावाचं आहे ते स्वामी रामानंद तीर्थ याच लढ्याचे नेते, आणि विद्यापीठाची स्थापनाही १७ सप्टेंबरचीच, १९९४ ची.

‘रझाकार : सायलेंट जेनोसाइड ऑफ हैदराबाद’ हा मूळ तेलुगू चित्रपट १५ मार्च २०२४ ला आला. दिग्दर्शक याटा सत्यनारायण, निर्माते गुडूर नारायण रेड्डी. निर्माते तेलंगणातल्या भाजपचे नेते. टीझर सप्टेंबर २०२३ मध्ये आला, म्हणजे तेलंगणा विधानसभेच्या निवडणुकीआधी, आणि चित्रपट आला तो लोकसभेच्या आधी. टीझरवर तेव्हाचे मंत्री के. टी. रामाराव यांनी जाहीर आक्षेप घेतला. पुढे बंदीची याचिका उच्च न्यायालयात गेली, पण प्रदर्शन थांबलं नाही. त्याच आठवड्यात केंद्र सरकारने १७ सप्टेंबर हा दरवर्षी ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हणून पाळण्याची अधिसूचनाही काढली.

होस्टेलवर यावर जोरात चर्चा झाली. बिलोलीकडचा एक मित्र म्हणाला, “अरे, आमच्या गावात घरं जाळलेली आज्जीनं डोळ्यांनी बघितली, आणि तुम्ही प्रचार म्हणता?” लातूरच्या दुसऱ्याने शांतपणे विचारलं, “आणि आमच्या घरचे जे पोलीस ॲक्शनमध्ये गेले, ते कुठल्या पिक्चरमध्ये येणार?” दोघंही खरंच बोलत होते. म्हणजे ‘प्रचार की सत्य’ हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. तो मोडून त्याचे लहान प्रश्न करावे लागतील. जे दाखवलं ते घडलं का? किती प्रमाणात घडलं? त्याला दिलेलं नाव बरोबर आहे का? आणि कॅमेरा कुठे बंद झाला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत सोपं आहे. घडलं. मराठवाड्यात यावर वाद घालायला फारशी जागा नाही. गोविंदराव पानसरे यांचा खून १९४६ मध्ये बिलोलीजवळ अर्जापूरला झाला, त्यांचं स्मारक आजही तिथे आहे. बैरानपल्लीचं हत्याकांड २७ ऑगस्ट १९४८ चं. त्याच्या काही दिवस आधी हैदराबाद शहरात ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांना रात्री रस्त्यात गाठून मारलं. ते मुसलमान होते, आणि संस्थान भारतात यावं असं लिहीत होते. गावोगाव खंडणी, लूट, स्त्रियांवर अत्याचार, आणि जीव वाचवायला सरहद्द ओलांडून उमरखेडसारख्या ठिकाणी गेलेली कुटुंबं. आपल्याकडे कोणी दांडगाई केली की जुनी माणसं अजून “काय रझाकारी लावली रे” म्हणतात. हा शब्द लोकांच्या तोंडी चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून आहे.

मात्र घडलं हे कळलं तरी का घडलं हे कळत नाही, आणि ‘कट्टरता कशी तयार होते’ हाच तर या विषयाचा गाभा आहे. कासिम रझवी हा आपल्या लातूरचा वकील, अलीगढला शिकलेला. ‘रझाकार’ शब्दाचा अर्थ नुसता स्वयंसेवक. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन ही संघटना १९२७ ची. बहादूर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली तिने एक सिद्धांत मांडला की संस्थानातलं सार्वभौमत्व निजाम या व्यक्तीचं नसून मुस्लिम समाजाचं आहे, निजाम हे फक्त त्याचं प्रतीक. लोकसंख्या साधारण १ कोटी ६० लाख, त्यात मुसलमान जेमतेम सातवा-आठवा हिस्सा, पण वरच्या नोकऱ्यांत आणि पोलिसांत त्यांचाच भरणा. अशा जागी ‘तू राज्यकर्ता आहेस’ हे गरीब टांगेवाल्यालाही सांगितलं की त्याला मान मिळाल्यासारखं वाटतं, आणि लोकशाही आली तर सगळं जाईल ही भीतीही त्याच्याच घरात शिरते. १९४४ ला बहादूर यार जंग वारले, १९४६ ला संघटना रझवीच्या हातात आली. १९४७ च्या दंगलींतून पळालेले मुसलमान बाहेरून संस्थानात येत होते, ती भीती ताजी होती. २७ ऑक्टोबर १९४७ ला दिल्लीला निघालेल्या निजामाच्याच शिष्टमंडळाला रझवीच्या जमावाने रोखलं. छतारीचे नवाब गेले, मीर लायक अली पंतप्रधान झाले. २९ नोव्हेंबरला ‘जैसे थे’ करार झाला खरा, पण रस्त्यावर सत्ता कोणाची हे त्याआधीच ठरलं होतं.

हा क्रम बघितला की एक गोष्ट लक्षात येते. धर्म हे कारण होतं, पण ते नोकरी, जमीन आणि सत्ता गमावण्याच्या भीतीत मिसळून काम करत होतं. तेलंगणात तर अजून गुंता आहे. तिथे कम्युनिस्टांचा शेतकरी लढा १९४६ पासून चालू होता, आणि तो ज्यांच्याविरुद्ध होता त्यातला विसनूरचा कुप्रसिद्ध देशमुख रामचंद्र रेड्डी हा हिंदू जमीनदार होता. अनेक जमीनदारांनी रझाकारांचा आधार घेतला. पोस्टरवर असा गुंता मावत नाही, म्हणून तिथे ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ एवढंच उरतं. आणि ज्या निजामाला सर्वांत मोठा खलनायक म्हणून उभं केलं जातं, त्यालाच भारत सरकारने २६ जानेवारी १९५० ला हैदराबादचा राजप्रमुख केलं आणि १९५६ पर्यंत ठेवलं. हे ऐकून मुलं दचकतात. दचकायला हवंच.

आता प्रमाणाचा प्रश्न. इथे सायन्सवाल्यांनी कान टवकारावेत. आपण पाण्याच्या नमुन्यातले जिवाणू मोजताना सगळं पाणी मोजत नाही. विरळ करतो, प्लेटवर टाकतो, वसाहती मोजतो आणि गुणाकार करतो. उत्तराचा भरवसा नमुना कुठून घेतला यावर असतो. ऐतिहासिक आकड्याचंही तेच. कोणी मोजलं, कुठे फिरून मोजलं, कशासाठी मोजलं?

रझाकारांच्या कृत्यांची मोठी यादी भारत सरकारच्या १९४८ च्या हैदराबादविषयक श्वेतपत्रिकेत मिळते. ती लष्करी कारवाईच्या तोंडावरची आहे, आणि कारवाई का आवश्यक आहे हे पटवणं हा तिचा हेतू होता. म्हणून ती खोटी ठरत नाही, पण एकटी पुरत नाही. स्वामीजींच्या आठवणी अमूल्य आहेत, मात्र जानेवारी १९४८ पासून पोलीस ॲक्शनपर्यंत, म्हणजे रझाकारी सर्वांत जोरात असताना, ते स्वतः तुरुंगात होते. त्या महिन्यांचं त्यांचं वर्णन ऐकीव आहे. अनंत भालेराव यांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ वाचाच, पण लेखक त्या लढ्यातला सैनिक आहे हे लक्षात ठेवून. यात कोणाचा अपमान नाही. साधनाची जागा ओळखणं म्हणतात ते हेच.

अलीकडचं एक उदाहरण देतो. ‘द केरळ स्टोरी’च्या टीझरमध्ये ३२,००० मुलींचा आकडा होता. मे २०२३ मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर वर्णनात तो बदलून तीन मुली झाला, आणि ३२,००० साठी अधिकृत आधार नाही अशी सूचना दाखवण्याचं निर्मात्यांना सर्वोच्च न्यायालयात मान्य करावं लागलं. तीन मुलींचं दुःख खोटं नसतं. पण तीनवरून ३२,००० वर जाताना मधली पायरी दाखवावी लागते. आपल्या थिसिसमध्ये असा गुणाकार केला तर व्हायवाला गाईडसुद्धा वाचवणार नाही.

तिसरा प्रश्न नावाचा. शीर्षकातच ‘जेनोसाइड’ आहे. हा शब्द भावनेचा नाही, कायद्याचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ९ डिसेंबर १९४८ च्या करारानुसार एखाद्या गटाला पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. माझ्या मते रझाकारांचा हेतू बहुसंख्य प्रजेला दहशतीखाली ठेवून राज्य हातात ठेवण्याचा होता. ८० टक्क्यांहून जास्त प्रजा नष्ट करणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि तसा कार्यक्रमही दिसत नाही. तो राज्याच्या आश्रयाने चाललेला सशस्त्र दहशतवाद होता, आणि तेवढं म्हणणं पुरेसं गंभीर आहे. इथे तुमचं मत वेगळं असू शकतं, फक्त हेतूचा पुरावा आणा.

आता चौथा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत जड. चित्रपट १७ सप्टेंबरच्या विजयापाशी थांबतो. १३ सप्टेंबरला सैन्य घुसलं, पाच दिवसांत निजामाने शरणागती दिली. शाळेचं पुस्तकही तिथेच थांबतं. पण त्यानंतरचे आठवडे याच जिल्ह्यांत काय झालं हे बघायला पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले, आणि जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या लोकांशीही बोलले. (गंमत बघा, नरसंहाराचा तो करार याच दौऱ्याच्या दिवसांत मंजूर झाला.) त्यांचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनच्या दरम्यान आणि नंतर निदान २७,००० ते ४०,००० माणसं गेली, आणि ती बहुतांश मुसलमान होती. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड.

आता हे जिल्हे आजच्या नकाशावर ठेवा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदरमध्ये होते, १९५६ ला इकडे आले. म्हणजे चारांपैकी तीन जिल्ह्यांचा संबंध थेट आपल्या नांदेड-लातूरशी लागतो. लातूरबद्दल अहवाल म्हणतो की रझवीचं गाव म्हणून तिथे वीस दिवसांहून जास्त कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी तीन हजारच उरले होते, हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले. त्यातले अनेक व्यापारी होते, रझाकार नव्हते. आणि याच अहवालात हेही आहे की कित्येक ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवलं.

हा अहवालही तपासायचाच. सरदार पटेलांनी तो मानला नाही. रझाकारांच्या कृत्यांना त्यात पुरेशी जागा दिलेली नाही असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. आकडा हा मुलाखतींवरून केलेला अंदाज आहे, मोजणी नाही. पण सरकारने तो त्यावेळी प्रसिद्ध केला नाही, दुसरी चौकशीही लोकांपुढे ठेवली नाही. अनेक दशकं त्याचे तुकडेच बाहेर येत राहिले. माहिती दाबली की तिची जागा अफवा घेते, आणि मग तीच अफवा दोन्हीकडचे लोक भांडवल म्हणून वापरतात.

यावरून मी होस्टेलच्या चर्चेत जे म्हणालो तेच इथे लिहितो. ‘रझाकार’मधल्या घटनांचा कणा खरा आहे. त्यांची निवड, त्यांना दिलेलं नाव आणि थांबण्याची जागा प्रचाराची आहे. खरी घटना घेऊनच चांगला प्रचार होतो, निव्वळ खोट्याचा फार दिवस टिकत नाही. बिलोलीच्या मित्राला यातलं पहिलं वाक्य आवडलं, लातूरच्या मित्राला दुसरं. दोघांनाही दोन्ही वाक्यं एकदम नको होती.

तुम्हाला यात काम करायचं असेल तर जागा भरपूर आहे. १९४१ आणि १९५१ च्या जनगणना तालुक्यानुसार शेजारी ठेवून बघा, पण आधी सीमा जुळवा, नाहीतर उदगीरची माणसं हवेत गायब झाल्यासारखी दिसतील. स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनच्या फायलींतली शपथपत्रं बघा. तीही हेतू ओळखून, कारण पेन्शन मिळवायला लिहिलेला कागद आणि मुलीला सांगितलेली आठवण यांत फरक पडतो. मुलाखत घेताना ‘रझाकारी’ आणि ‘पोलीस ॲक्शन’ हे दोन्ही शब्द वापरून प्रश्न विचारा. एकच बाई एका शब्दाला एक गोष्ट सांगते आणि दुसऱ्या शब्दाला वेगळीच. लेखी परवानगी घ्या, नाव छापायचं का ते विचारा, आणि साक्षीदाराचं तेव्हाचं वय टिपून ठेवा. १९४८ ला दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. कंधार, मुखेड, देगलूर, औसा, निलंगा, कुठलेही असा, घरात किंवा शेजारी असं कोणी असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्याजवळ बसा. सिनॉप्सिस नंतर लिहिता येईल.