फाइट द पावर

फाइट द पावर हे पब्लिक एनिमी या अमेरिकन हिप हॉप गटाचे १९८९ साली प्रकाशित झालेले गाणे आहे. दिग्दर्शक स्पाइक ली यांनी *डू द राइट थिंग* या आपल्या चित्रपटासाठी ते करवून घेतले. १९९० च्या *फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट* या अल्बममध्येही ते समाविष्ट आहे. गाण्याचे शीर्षक आइज्ली ब्रदर्स यांच्या १९७५ मधील गाण्यावरून घेतले आहे.

चित्रपटातील स्थान

चित्रपटाचे कथानक ब्रुकलिनमधील एका कृष्णवर्णीयबहुल वस्तीत घडते. रेडिओ रहीम हा तरुण आपल्या अवजड बूमबॉक्सवर हेच गाणे सतत वाजवीत हिंडतो. पिझ्झाच्या दुकानाचा मालक सॅल तो बूमबॉक्स फोडतो. त्यातून उसळलेल्या मारामारीत पोलीस रहीमचा गळा आवळतात आणि त्याचा मृत्यू होतो. या संघर्षाची सुरुवात मात्र एका भिंतीवरून झालेली असते. दुकानात केवळ इटालियन-अमेरिकन नामवंतांची छायाचित्रे टांगलेली असतात, ग्राहक मात्र बहुतांशी कृष्णवर्णीय असतात.

आशय

गाण्याचा रोखही याच प्रश्नाकडे आहे: समाजाने कोणाला नायक मानावे, हे कोण ठरविते? एल्व्हिस प्रेस्ली आणि जॉन वेन या लोकप्रिय गौरवर्णीय नायकांना त्यात नाव घेऊन नाकारले आहे. आपले बहुतेक नायक टपाल तिकिटांवर दिसत नाहीत, अशीही तक्रार आहे. हॅरिएट टबमन यांचे तिकीट मात्र १९७८ सालीच निघाले होते. रॉक अँड रोलची मुळे कृष्णवर्णीयांच्या संगीतात असताना त्याच्या 'राजा'चा मान प्रेस्ली यांना मिळाला, हा आक्षेप अधिक वजनदार होता. आपला विरोध प्रेस्ली यांच्या गायनाला नसून त्यांच्या एकतर्फी गौरवाला आहे, असे गटाचे प्रमुख रॅपर चक डी यांनी पुढे स्पष्ट केले.

वाद

चित्रपटामुळे दंगली भडकतील, अशी भीती काही अमेरिकन समीक्षकांनी व्यक्त केली. तसे काही घडले नाही. त्याच वर्षी गटाचे सदस्य प्रोफेसर ग्रिफ यांची ज्यूविरोधी विधाने प्रसिद्ध झाली व त्यांना गटातून दूर करण्यात आले. वंशद्वेषाविरुद्ध गाणाऱ्या गटावरच वंशद्वेषाचा आरोप आल्याने त्याच्या नैतिक अधिकाराला मोठा धक्का बसला.

नंतरचा काळ

पोलिसी कारवाईत जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यानंतर, जून २०२० मध्ये बीईटी पुरस्कार सोहळ्यात पब्लिक एनिमीने नास, रॅप्सडी आदी कलाकारांसह हे गाणे नव्या कडव्यांसह सादर केले.