पिंगळ्याची साक्ष

मराठीत 'पिंगळा' या शब्दाचे दोन धनी आहेत. एक, झाडाच्या ढोलीतून गोल डोळ्यांनी टकमक पाहणारे लहानखुरे घुबड. आणि दुसरा, भल्या पहाटे हातात कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणारा जोशी. लोकसमजूत अशी की, या दुसऱ्याला पहिल्याची भाषा कळते. पाखराने पाहिले ते माणसाला सांगायचे, हे त्याचे काम. आता या पिंगळ्याने सांगितलेले खरे की खोटे, हे तपासायला कोणी त्याच्या मागे जात नसे. दारात आलेल्याला पसाभर धान्य घालावे आणि दिवसाला लागावे, अशी रीत होती. परंतु पाखरांविषयी कोणी काही सांगितले तर ते तपासावे कसे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस एका पिंगळ्याच्याच बाबतीत विलक्षण गांभीर्याने उभा राहिला. वन्यजीवांच्या क्षेत्रीय सर्वेक्षणांचा इतिहास ज्यांना केवळ निसर्गप्रेमींचा विषय वाटतो, अशा साहित्याच्या अभ्यासकांनी हे प्रकरण अवश्य पाहावे. कारण ते मुळात दस्तऐवजाचे प्रकरण आहे.

या पक्ष्याचे नाव रानपिंगळा. गावाशेजारी दिसणाऱ्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचा हा रानातला भाऊबंद. डोके मोठे, कपाळावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय दणकट, आणि वावर बराचसा दिवसाउजेडी. डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्ल्युइट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझरच्या परिसरात तो टिपला आणि पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 'स्ट्रे फेदर्स' या आपल्या नियतकालिकात ब्ल्युइट यांचे नाव देऊन तो शास्त्राला सादर केला. हे ह्यूम म्हणजे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच ह्यूम. देशभर विखुरलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून, त्यांच्याकडून नमुने व टिपणे मागवून त्यांनी पक्ष्यांचा प्रचंड संग्रह उभा केला. भारतीय पक्ष्यांवरील नियोजित महाग्रंथासाठी केलेल्या टिपणांचे बाड एका नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकले, आणि त्यांचे मन या विषयावरून उडाले. साठ हजारांहून अधिक पक्ष्यांचा संग्रह त्यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. म्हणजे हस्तलिखिते रद्दीत जाणे आणि उरलेसुरले परदेशी संग्रहालयात सुरक्षित राहणे, हा आपल्या वाङ्मयेतिहासाला परिचित असलेला प्रकार पाखरांच्या बाबतीतही घडलेला आहे.

या संग्रहातील एकेक नमुना म्हणजे काय असतो? आतला भाग काढून, कापूस भरून, शिवून वाळवलेले पक्ष्याचे कातडे. आणि त्याच्या पायाला बांधलेली एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर स्थळ, दिनांक, नर की मादी, आणि गोळा करणाऱ्याचे नाव. पोथीच्या अखेरीस लेखक शक, तिथी, गाव आणि आपले नाव घालतो, तशी ही पुष्पिका म्हणता येईल. पुष्पिका गेली तर पोथी वाचता येते, पण तिचा काळ व ठिकाण गमावते. चिठ्ठी गेली तर पक्षी पाहता येतो, पण तो कुठे जगत होता, हे कळण्याचा मार्ग बंद होतो. आणि संरक्षणाच्या दृष्टीने तर 'कुठे' हाच पहिला प्रश्न असतो.

रानपिंगळ्याच्या अशा जेमतेम सात कातड्या जगभरच्या संग्रहालयांत मिळून होत्या. त्यांतील बहुसंख्य जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८० ते १८८४ या काळात पश्चिम खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, गोळा केलेल्या. त्यानंतर हा पक्षी खात्रीलायकरीत्या कोणाच्याही हाती लागला नाही. दरम्यान पक्षीप्राण्यांच्या पाहणीची पद्धत मात्र बदलत गेली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. त्याचा पहिला अहवाल खानदेशाचाच होता, हा एक सुखद योगायोग. हे काम १९२३ पर्यंत चालले. जिल्हा ठरवायचा, संग्राहक नेमायचा, मुक्काम आखायचे, जे मिळेल ते नोंदवायचे आणि तज्ज्ञाने त्याचा अहवाल लिहायचा, अशी ही शिस्त होती. बदलीच्या गावी जे दिसेल ते टिपणाऱ्या हौशी अधिकाऱ्यापासून आखणी करून निघणाऱ्या पथकापर्यंतचा हा प्रवास आहे. पुढे सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. नमुने अभ्यासण्याचे काम ह्यू व्हिसलर यांनी केले. परंतु सालिम अलींचा स्वतःचा ओढा नमुन्यापेक्षा जिवंत पक्ष्याकडे होता. तो काय खातो, कोणत्या झाडावर बसतो, घरटे केव्हा करतो, या टिपणांनी त्यांच्या प्रादेशिक अहवालांना वेगळे मोल आले. शब्दाचा कोशातला अर्थ आणि बोलण्यातला वापर यांत जे अंतर असते, तेच संग्रहालयातील कातडे आणि रानातला पक्षी यांत असते. दोन्ही हवेत, एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

आता या कथेतील प्रक्षेपाकडे वळू. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन (१८७८–१९६७) हे ब्रिटिश सैन्यातील एक बडे आणि नाट्यमय व्यक्तिमत्त्व. पक्षिशास्त्रातही त्यांचा दबदबा होता. १९३७ मध्ये सालिम अली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. १९५४ मध्ये त्यांनी आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह लंडनच्या संग्रहालयाला दिला. त्यात रानपिंगळ्याची एक कातडी होती. चिठ्ठीवर मजकूर होता: मांडवी, तापीकाठ, ऑक्टोबर १९१४. म्हणजे १८८४ नंतर तीस वर्षांनी, आणि गुजरातेत, हा पक्षी मिळाला होता तर! या एका चिठ्ठीने पक्ष्याच्या 'शेवटच्या' नोंदीचा काळ पुढे सरकवला आणि त्याचे भौगोलिक क्षेत्र पश्चिमेकडे वाढवले. पुढील काळातल्या शोधांची दिशाही या नोंदीने काही अंशी ठरवली, आणि ते शोध निष्फळ ठरले.

माइनर्ट्झहॅगन यांच्याविषयी कुजबूज जुनी होती. परवानगीवाचून नमुने हलवल्याबद्दल त्यांना संग्रहालयाच्या पक्षिविभागात काही काळ प्रवेशबंदीही झाली होती. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी त्यांच्या काही नमुन्यांच्या चोरीचे व खोट्या चिठ्ठ्यांचे पुरावे छापून ही कुजबूज उघड केली. त्यानंतर अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील ग्रंथाच्या तयारीत रानपिंगळ्याचा हा नमुना हाती घेतला. त्यांनी काय केले? चिठ्ठी बाजूला ठेवली आणि कातड्यालाच प्रश्न विचारले. प्रत्येक संग्राहकाची कातडी काढण्याची, शिवण्याची, भरण्याची एक लकब असते. लेखनिकाच्या हस्ताक्षरासारखी ती लपत नाही. क्ष-किरण तपासणी आणि तुलना यांतून दिसले ते असे: हा पक्षी पुन्हा उसवून, वेगळ्या पद्धतीने भरून तयार केलेला होता, परंतु मूळ हात डेव्हिडसनचा होता. म्हणजे एकोणिसाव्या शतकात खानदेशात टिपलेला पक्षी संग्रहालयातूनच उचलला गेला होता, आणि नवी पुष्पिका लावून पुन्हा तिथेच दान केला गेला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात हे सविस्तर मांडले.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला यात नवे काही वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागचे तत्त्व हेच आहे. वि. सी. सुखटणकरांनी आखून दिलेल्या पद्धतीत कोणतीही प्रत केवळ तिच्या प्रतिष्ठेमुळे प्रमाण ठरत नाही. प्रतींची घराणी लावायची, त्यांची परस्परांशी तुलना करायची, नंतर घुसलेला मजकूर ओळखून वेगळा काढायचा. मात्र तो फेकून द्यायचा नाही. तळटीपेत, परिशिष्टात ठेवायचा, कारण तोही एक पुरावाच असतो. फरक इतकाच की, महाभारतातील प्रक्षेप बहुधा भक्तीने वा आवडीने घडले. इथला प्रक्षेप कीर्तीच्या लोभाने घडला.

संहितेतला प्रक्षेप ओळखला की अर्थ बदलतो. इथे पायाखालची वाटच बदलली. १९१४ ची नोंद रद्द झाली, तेव्हा शोध कुठे घ्यायचा याचे उत्तर आपोआप मिळाले: एकोणिसाव्या शतकातील खऱ्या चिठ्ठ्यांवर जी गावे होती, तिथे. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. आधी पूर्वेकडील जुन्या ठिकाणी पाहिले. काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. उजेडात, उघड्यावर. ११३ वर्षांनंतर.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने कथा इथे संपली. संरक्षणाच्या दृष्टीने ती इथून सुरू झाली, कारण एक पक्षी दिसणे ही बातमी असते. किती आहेत, कुठे आहेत, कशावर जगतात, हे कळणे म्हणजे ज्ञान. १९९८ पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या वतीने फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी महाराष्ट्र व मध्य प्रदेशातील वने पद्धतशीर पालथी घातली. पुढे गिरीश जठार यांनी, आणि प्राची मेहता, जयंत कुळकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम वाढवले. तोरणमाळ, मेळघाट, बऱ्हाणपूरकडील खकनार अशी ठिकाणे नकाशावर आली. मेळघाट हे या पक्ष्याचे मोठे आश्रयस्थान असल्याचे स्पष्ट झाले. २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो सापडला.

अशा पाहणीची आखणी म्हणजे मूलतः स्वतःच्या नजरेवर घातलेले नियम. आवडीच्या रानात पुन्हा पुन्हा जाण्याचा मोह टाळून नकाशावरून ठिकाणे आधी निवडायची. वेळ आणि ऋतू ठरवायचे; कारण झाडे पाने गाळतात तेव्हा पक्षी दिसतो, आणि विणीच्या काळात तो अधिक साद देतो. त्याची ध्वनिमुद्रित साद ठरावीक अंतरावर ऐकवून प्रतिसादाची वाट पाहायची. साध्या पिंगळ्याशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून ओळखीच्या खुणा आधी पक्क्या करायच्या. जुन्या काळातील कित्येक 'रानपिंगळे' नीट तपासल्यावर साधे पिंगळेच निघालेले आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जिथे काही दिसले नाही ते ठिकाणही तितक्याच काळजीने नोंदवायचे. 'दिसला नाही' आणि 'नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले निरीक्षण आहे, दुसरे अनुमान. किती वेळ, कोणत्या ऋतूत, किती जणांनी शोधले, हे लिहिले असेल तरच पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाता येते. वाङ्मयेतिहासात 'या काळात गद्य लिहिले गेले नाही', 'स्त्रियांनी लिहिले नाही' असली विधाने करताना आपण किती दफ्तरे पाहिली हे सांगायची पद्धत आपल्याकडे रुळली असती, तर बरेच वाद वाचले असते.

नावांचाही प्रश्न असतोच. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी 'पक्षिकोशा'साठी पाखरांची नावे धुंडाळली, त्यांतून रानात राहणाऱ्यांचे ज्ञान मराठीत आले. सर्वेक्षकाच्या वहीत या ज्ञानाला वाटाड्याच्या मजुरीपलीकडे जागा मिळते का, हे विचारले पाहिजे. कारण सर्वेक्षणाचा परिणाम कागदावर राहत नाही. रानपिंगळ्याला उघड्या, विरळ सागवानी रानातील जुनी, ढोलीची झाडे लागतात, आणि तीच राने भिल्ल, पावरा, कोरकू यांच्या जगण्याची भूमी आहेत. एका नोंदीने संरक्षणाची रेघ कुणाच्या शेतापर्यंत येऊ शकते. एका चुकीच्या 'नाही'ने रानाचा एखादा तुकडा कुऱ्हाडीला मोकळा होऊ शकतो. म्हणून इथे प्रामाणिक नोंद ही केवळ अभ्यासाची नीती उरत नाही.

या प्रकरणाला एक अनपेक्षित शेपूट आहे. २०१५ पासून प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार गुजरातेत, डांगच्या पूर्णा अभयारण्यात आणि नवसारी-वलसाडच्या बाजूला, रानपिंगळा खरोखर आढळला. माइनर्ट्झहॅगन यांचा बनावट पक्षी ज्या मांडवीचा म्हणून सांगितला गेला, तिथून हा मुलूख फार दूर नाही. मग कर्नल खरे ठरले काय? मुळीच नाही. खोट्या साक्षीने सांगितलेली गोष्ट योगायोगाने वस्तुस्थितीच्या जवळ जाऊ शकते, म्हणून साक्ष खरी होत नाही. तो पक्षी गुजरातेत आहे हे आपल्याला कळले, ते तिथे जाऊन, पाहून, नोंदवून दाखवणाऱ्यांमुळे. विधान खरे असणे आणि ते म्हणण्याचा अधिकार असणे, यांतील हे अंतर आमच्या विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीच्या तासाला समजावून सांगताना बरीच तारांबळ उडते. यापुढे एका लहानशा घुबडाचा दाखला द्यावा असे वाटते.