सालबर्डीचा गोटा

माझा आजा विहिरी खोदायचा. मोर्शी-वरुडाकडं त्यानं किती विहिरी उतरवल्या, त्याचा हिशेब त्याच्यापाशीही नव्हता. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, एवढीच त्याची भूगोलाची पोथी. महाशिवरात्रीला तो आम्हा पोरांना सालबर्डीच्या जत्रेला न्यायचा. एकदा तिथल्या नदीपात्रातून त्यानं एक गोटा उचलला. राखाडी-गुलाबी, अंगावर लुगड्याच्या काठासारखे पट्टे, उन्हात धरला की अभ्रक चमकायचं. उलटसुलट करून म्हणाला, "हा आपल्या इकडचा नाही. कुठून तरी वाहून आला असन बापा."

तो गोटा अजून माझ्या खिडकीत आहे. पुढे कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकलो तेव्हा कळलं, आज्याचं गणित उलटं होतं. पाहुणा आहे तो काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, थरावर थर पसरला आणि बहुतेक सगळं वऱ्हाड झाकून बसला. पट्ट्यांचा गोटा मूळचा घरमालक. त्याचं वय शे-दीडशे कोटी वर्षांच्या पलीकडचं.

त्या काळी उत्तरेला बुंदेलखंडाचा भूखंड, दक्षिणेला बस्तरचा, आणि मध्ये समुद्र. समुद्राचा तळ हळूहळू भूखंडाच्या काठाखाली शिरू लागला. असा तळ खोल गेला की त्यातलं पाणी वरच्या तापलेल्या खडकात मिसळतं, खडक वितळतो आणि काठाला समांतर ज्वालामुखींची रांग उभी राहते. आज जपानात आणि दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात हेच चाललं आहे. तळ नेमका कोणत्या बाजूला बुडाला, यावर अभ्यासकांचं अजून भांडण आहे. त्यात मी पडत नाही. पण शेवटी समुद्र मिटला, दोन भूखंड एकमेकांवर आदळले आणि मध्ये पर्वत उठला. सालबर्डीहून सीमा ओलांडली की बैतुल जिल्हा. तिथल्या जुन्या खडकांत त्या ज्वालामुखींचे अवशेष आहेत, आणि समुद्रतळाच्या उकळत्या झऱ्यांनी साचवलेलं जस्त-तांबंही. वऱ्हाडाच्या उंबऱ्यावर एके काळी समुद्र होता, हे आज्याला सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं.

तो पर्वत झिजून सपाट झाला. त्यावर गोंडवन महाखंडातल्या नद्यांनी वाळू टाकली, नंतर डायनासोर फिरले. सालबर्डीच्या परिसरात त्यांची हाडं सापडली आहेत. मग लाव्हा.

पण त्या टकरीच्या पट्ट्यातली एक जुनी शिवण काही मेली नाही. बैतुल-छिंदवाड्याकडं तान नदीजवळ ती उघडी दिसते, आणि पश्चिमेला गाविलगडाच्या पायथ्याशी लाव्हालाही चिरत गेली आहे. या शिवणीच्या उत्तरेची बाजू वर उचलली गेली, दक्षिणेची खचली. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडं पाहिलं की समोर जी भिंत दिसते, ती हीच. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं गाविलगडचा किल्ला घेतला, तोही दक्षिणेची ही भिंत चढून नव्हे, तर मोठ्या कष्टानं तोफा फिरवून उत्तरेच्या अंगानं. पुस्तकांत त्या लढाईला पानंच्या पानं, आणि भिंत कुणी बांधली त्याला एक ओळ नाही!

खचलेल्या बाजूला पूर्णेनं गाळ भरला, काही ठिकाणी तीनशे मीटरहून खोल. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर हा खारपाणपट्टा त्याच गाळावर आहे. माझी मावशी दर्यापूरकडं दिलेली. तिच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही, म्हणून पावसाचं पाणी रांजणात राखून ठेवायची. आजा तिच्या गावाला कधी विहीर खोदायला गेला नाही. म्हणायचा, तिथं पाषाणच लागत नाही, नुसती माती आणि खारं पाणी.

इकडची जमीन अधूनमधून हलतेही. 14 मार्च 1938 ला सातपुड्यात मोठा भूकंप झाला. 2018 च्या पावसाळ्यात धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीला जमिनीखालून आवाज येऊ लागले, तेव्हा लोक रात्री अंगणात झोपले होते.

यंदा महाशिवरात्रीला सालबर्डीला गेलात, तर महादेवाच्या दर्शनाआधी थोडं नदीपात्रात उतरा. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात हात घाला आणि पट्ट्यांचा एखादा गोटा उचलून पाहा. पाहून झाला की तिथंच ठेवा. माझ्या आज्यानं ठेवला नाही, ते चुकलंच.